अलिबागला एक दिवस, पण दमायचं नाही

भरलेली डबी (कामोठे)

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण त्यावरून घरात तीन संध्याकाळी वाद झाले, म्हणून इथे विचारतेय.

माघात माझी आत्या अमरावतीहून पंधरा दिवसांसाठी येतेय. वय ७१. समुद्र तिनं आयुष्यात एकदाच बघितलाय, तोही जुहूला, एका लग्नाच्या गडबडीत. तिला पाण्यातला किल्ला (अलिबागचा कुलाबा) बघायचाय. बरोबर आई (वय ६८, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं), मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. गाडी आमची आहे. मुक्काम नको, आत्याला दुसऱ्याच्या गादीवर झोप लागत नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका सहलवाल्यांच्या मिनीबसनं अलिबाग 'केलं' होतं. पहाटे पाचला निघालो, पाच ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं आणि शिट्टी. किल्ल्यापाशी पोचलो तेव्हा भरती. किनाऱ्यावरून किल्ल्याकडे बोट दाखवून फोटो काढले आणि परत. घरी आल्यावर आई म्हणाली, "आपण अलिबाग बघितलं की अलिबागनं आपल्याला?" तेव्हापासून आमच्याकडे अलिबाग म्हटलं की सगळे हसतात.

या वेळी मला एकच गोष्ट नीट करायची आहे. किल्ला बघायचा, बसून जेवायचं, दुपारी आईला आडवं व्हायला जागा हवी, आणि अंधार पडेपर्यंत घरी. आत्या मासे खात नाही, आम्ही बाकीचे खातो. शनिवार बरा की रविवार? आणि आत्या कधी बोटीत बसलेली नाही, तर गेटवेवरून जावं का?

पळता भुई

सकाळी लवकर निघा. आधी किल्ला, मग नागाव, मग रेवदंड्याचा किल्ला, कोर्लईचं दीपगृह, काशीदला जेवण आणि जंजिरा. परत येताना बिर्ला मंदिर. आम्ही हे सगळं एका दिवसात केलंय.

भरलेली डबी

दादा, धन्यवाद. पण शिट्टी तुम्हीच वाजवत होता का हो मागच्या वेळी? 😄

चेंढऱ्याची लेक

डबीताई, माझं माहेर चेंढऱ्याचं, म्हणजे अलिबागला चिकटूनच. आता ठाण्यात असते, पण वर्षातून चार फेऱ्या होतात. त्या हक्कानं सांगते.

शनिवार की रविवार, हा प्रश्नच बाजूला ठेवा. आमच्याकडे कुणी किल्ल्यावर न्यायला सांगितलं की वडील पंचांग काढायचे. वार नाही, तिथी बघायची. किल्ल्याला वाट आहे ती समुद्र देईल तेव्हाच, आणि तो तुमची सुट्टी विचारत नाही.

हिशोब सोपा आहे, आमच्याकडे कोळ्याचं पोर पण तोंडी करतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यात सहा तास मिळवा, सकाळी दहाच्या आगेमागे ओहोटी. शुद्ध असो की वद्य, प्रतिपदेपासूनच मोजायचं. अर्धा तास इकडेतिकडे होतं, म्हणून निघायच्या आधी त्या दिवसाचं कोष्टक मोबाइलवर बघाच. पण महिनाभर आधी तारीख ठरवायला पाऊणकी पुरते.

आता यात एक मेख आहे आणि ती बाहेरच्यांना कुणी सांगत नाही. लोक म्हणतात, अष्टमीला बरोबर दुपारी बाराला ओहोटी, मग तीच गाठू. पण अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. भांग म्हणजे उधाणाच्या उलट: भरती फार चढत नाही आणि ओहोटी फार उतरत नाही. वेळ ओहोटीची, पण मधल्या पट्ट्यात गुडघाभर पाणी तसंच राहतं. पौर्णिमा-अमावास्येला पाणी लांबवर जातं, वाळू लख्ख उघडी पडते, पण तेव्हाची ओहोटी पहाटे नाहीतर सूर्य बुडताना. म्हणून मधली तिथी धरायची. सकाळी पोचणाऱ्यांना चतुर्थी, पंचमी, फार तर षष्ठी. ज्यांना दुपारी निवांत जेवून मग जायचंय त्यांना त्रयोदशी-चतुर्दशी, तेव्हा चार-साडेचारला ओहोटी. पण तुम्हाला अंधाराच्या आत घर गाठायचंय, म्हणून पंचमी.

गुडघ्याचं बोलू. किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंतची वाट गुळगुळीत वाळूची नाही. किल्ल्याच्या जवळ खडक लागतात, त्यांवर शेवाळ आणि कालवं. कालवाची कड पायाला लागली तर सुरीसारखी कापते. अनवाणी अजिबात नाही, आणि मोकळ्या चपलाही नाहीत. भिजले तर भिजले असे जुने बूट घाला. घोडागाड्या असतात, त्या दारापर्यंत नेऊन सोडतात. हिसके बसतात, चढताना पायरी उंच असते, पण चालण्यापेक्षा बरं. भरतीत होड्या जातात, आत्यांची हौस तिथेही भागेल असं वाटेल, पण होडीत चढायला पाण्यात उतरून काठावरून पाय टाकावा लागतो. ऑपरेशनच्या गुडघ्याला ते नको.

आणि खरं सांगू का, आईंना यायचं नसेल तर आणू नका. किनाऱ्यावर बसायची सोय आहे, शहाळंवाले असतात. माझ्या आजीनं पंचाहत्तर वर्षं तो किल्ला किनाऱ्यावरून बघितला आणि एकदाही आत गेली नाही. आतला गणपती तिथूनच हात जोडून व्हायचा.

आत गेलात तर घाई करू नका, पण घड्याळ बघत राहा. पाणी वळायला लागलं की गाडीवाले हाका मारतात. त्यांचं ऐका. 'अजून एक फोटो' म्हणणारे दरवर्षी अडकतात.

जेवणाचं: आत्यांसाठी खानावळीत आदल्या दिवशी फोन करून वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी सांगून ठेवा. पाटीवर नसलं तरी सांगितलं की करतात. दुपारी आडवं व्हायला वरसोलीच्या एखाद्या घरगुती वाडीत दिवसापुरती खोली मागा, मधल्या वारी सहज मिळते. नारळी-पोफळीच्या सावलीत तासभर झोप झाली की आई संध्याकाळी तुमच्यापेक्षा ताज्या असतील.

स्टेपनी

लेकताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त रस्त्याचं बोलतो.

गेटवेची कॅटामरान छान आहे, तासाभरात मांडवा, आणि त्याच तिकिटात मांडव्याहून अलिबागची बस. हिवाळ्यात मागे सीगल लागतात, पोरं खूश. पण ताई, तुम्ही कामोठ्याला. तिथून उलटं मुंबईत जायचं, लोकल, मग टॅक्सी, मग बोट, मग बस. चार वाहनं, आणि प्रत्येकात आईंचा गुडघा चढवायचा-उतरवायचा. भाऊच्या धक्क्यावरून गाडी घेऊन जाणारी रो-रो २०२० पासून आहे, ती दादर-परळवाल्यांना सोयीची. तुम्हाला दोन्हीचा उपयोग नाही. सरळ पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड.

फक्त वडखळचं नाव घेताना हात जोडा. मागच्या जानेवारीत एका रविवारी मी तिथे इतका वेळ उभा होतो की शेजारच्या गाडीतल्या कुटुंबाशी ओळख होऊन आम्ही त्यांच्या डब्यातले पराठे खाल्ले. पोचलो तेव्हा ओहोटी उलटून गेलेली. मग रागारागानं जिथे जागा मिळाली तिथे जेवलो, 'आत्ताच उतरलेली सुरमई' म्हणाले, बायकोनं पहिल्याच घासाला सांगितलं की ही सुरमई फ्रीजरमधून उतरलीय.

मधला वार घ्या, साडेसहाला घर सोडा. परतीला चारच्या आधी कार्लेखिंड ओलांडा.

जुनं पान

किल्ल्याबद्दल कुणीच काही बोललं नाही, म्हणून थोडं. आत्यांना गाडीत सांगायला उपयोगी पडेल.

कुलाब्याचं काम शिवाजी महाराजांनी मार्च १६८० मध्ये सुरू करवलं. एप्रिलच्या सुरुवातीला महाराज गेले, किल्ला संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला. म्हणजे हा त्यांच्या अगदी शेवटच्या कामांपैकी एक. तटाकडे नीट बघा: मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेत, सांध्यात चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींतून आत मुरतं, तिचा जोर तिथेच मरतो. चुन्याची गुळगुळीत भिंत असती तर तो सगळा मार तिनं अंगावर घेतला असता. आतला गणपती पंचायतनाचा आहे, देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. आणि सगळीकडे खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे, मुलाला तिथलं पाणी दाखवा. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. त्या मात्र मराठ्यांच्या नाहीत, यॉर्कशरच्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या. गंमत म्हणजे सगळ्यांत जास्त फोटो त्यांच्याबरोबरच निघतात.

कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे. ४ जुलै १७२९ ला ते गेले. इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून चाल केली तरी ज्याच्या हाती लागला नाही त्या माणसाची समाधी बाजाराच्या गजबजाटात शांत उभी आहे. दहा मिनिटं पुरतात, चढउतार नाही.

वेळ उरला तर इस्राएल आळीतून एक चक्कर मारा. मागेन अबोथ सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १८४८ चं, पुढे १९१० मध्ये नव्यानं उभारलेलं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज जवळच्या नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले. पुढे तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव दिलं शनिवार तेली. आडनावं गावांवरून, आपल्यासारखीच '-कर' लावून, आणि घरातली भाषा मराठी. अलिबाग हे नावही त्यांच्यातल्याच अली नावाच्या श्रीमंत बागाईतदारावरून पडलं असं सांगतात.

आणि माझं लाडकं ठिकाण, जे कुणी बघत नाही: चुंबकीय वेधशाळा. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १८५९ चं ते गाजलेलं सौरवादळसुद्धा तिथे टिपलं गेलं. पुढे मुंबईत घोड्याची ट्राम जाऊन विजेची ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या तारांनी उपकरणं बिघडणार, म्हणून नोंदींचं काम १९०४ मध्ये अलिबागला आणलं, इमारतीत लोखंड न वापरता. ट्राम केव्हाच गेली, नोंदी चालूच आहेत. म्हणजे मुंबईच्या कुलाब्याचं काम अलिबागच्या कुलाब्याशेजारी आलं. दोन कुलाब्यांचा घोळ मात्र आजतागायत मिटलेला नाही, मॅपवर शोधताना जपून. वेधशाळा हे आत फिरायचं ठिकाण नाही, जाताजाता बाहेरूनच बघायची.

पळता भुई

एवढं सगळं एका दिवसात? आणि मला हसता.

जुनं पान

हा हा, मान्य. यातलं एकच निवडा.

भरलेली डबी

अहो, किती सविस्तर! कॅलेंडर काढलं. माघ वद्य पंचमी मधल्या वारी येतेय, नवऱ्यानं रजा टाकली. चिरंजीव सकाळपासून घरभर 'सात पाऊण सव्वापाच' करत फिरतायत. शाळेत पाढे म्हणायला रडतो तोच हा.

दोन शंका. आई म्हणते मी किनाऱ्यावरच बसेन, पण एकटी बसवायला मला बरं वाटत नाही. आणि आत्याच्या बोटीचं काय? तिनं शेजारणींना सांगूनही टाकलंय.

चेंढऱ्याची लेक

एकटी कशाला, जावईबापू कशासाठी आहेत? सासूला शहाळं पाजायचं काम त्यांच्याकडे.

बोटीचं वेगळं करा. तो बेत अलिबागच्या दिवसात कोंबू नका, तिथूनच दमणं सुरू होतं. पंधरा दिवस आहेत ना आत्या? दुसऱ्या एखाद्या सकाळी गेटवेवरून मांडव्याची बोट धरा, जेट्टीवर चहा प्या आणि पुढच्या बोटीनं परत. अलिबागला जायचंच नाही. सीगल बघायचे, वारा खायचा, झालं. माझ्या नणंदेच्या सासूला असंच नेलं होतं, त्या आजही 'आम्ही जहाजानं गेलो होतो' असं सांगतात.

आणि येताना पांढऱ्या कांद्याची माळ आणा. माघात नवा कांदा यायला लागतो. चवीला गोडसर, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी नाही. त्याला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे रस्त्यावर भलताच कांदा त्याच नावानं विकणारेही झालेत. खरा ओळखायचा तर आकारानं मध्यम, जरा चपटा, आणि वेणी हातानं घट्ट विणलेली.

एक आगाऊ सूचना: कुणी 'अलिबाग से आया है क्या' (म्हणजे 'बावळट आहेस का') म्हणालं तर हसून सोडून द्या. आमच्याकडच्या एकानं त्या वाक्यावर बंदी आणा म्हणून २०१९ मध्ये थेट उच्च न्यायालयात अर्ज केला होता. कोर्टानं तो फेटाळला.

भरलेली डबी (तीन आठवड्यांनंतर)

जाऊन आलो! उशिरा लिहितेय कारण आत्याला काल गाडीत बसवून दिलं.

साडेसहा म्हणता म्हणता सात वाजले (डबे, माझं नावच ते). वडखळला चक्क मोकळा रस्ता, नऊ वीसला किनाऱ्यावर. चिरंजीव घड्याळ घेऊन बसले होते. पाऊणकीनं पावणेदहा म्हणाली होती, प्रत्यक्षात सगळ्यांत खाली पाणी गेलं ते सव्वादहाच्या पुढे. त्यानं गाडीवाल्याला 'तुमचा समुद्र अर्धा तास लेट आहे' असं ऐकवलं.

आई बसली, नवरा बसला. आत्या घोडागाडीत चढताना जरा घाबरली, पण एकदा चाकं ओल्या वाळूत लागली तेव्हा तिनं मागे वळून किनाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, आपण समुद्रात चाललो ना!" आत गणपतीसमोर ती बराच वेळ बसून होती. तोफा, बुरूज, काही नको म्हणाली. विहिरीचं पाणी हातात घेऊन जिभेला लावलं आणि मला तीन वेळा विचारलं, हे गोडं कसं? जुनं पान, तुमच्याकडे याचं उत्तर असेल तर लिहा, अमरावतीला कळवायचंय.

अकराला गाडीवाल्यानं हाक मारली, निमूट निघालो. बिरडं फक्कड होतं, आत्यानं दोनदा घेतलं, आणि आम्ही बोंबील. वरसोलीच्या वाडीत आई, आत्या आणि नवरा असे तिघेही घोरले. समाधी बघितली, वेधशाळा राहिली. सातला घरी. उजेडाचं गणित तेवढं चुकलं.

मांडव्याची बोटही झाली. आत्यानं सीगलना पारले बिस्किटाचा अख्खा पुडा खिलवला, स्वतःला एकही ठेवलं नाही.

कांद्याची माळ आणलीय, स्वयंपाकघरात खिडकीला लावलीय. ठीक ना?

चेंढऱ्याची लेक

खिडकीत ऊन येतं का? मग काढा तिथून, लगेच. सावलीत, वाऱ्यावर टांगा, आणि गॅसच्या वर तर नाहीच. पावसापर्यंत टिकेल.

जुनं पान

विहिरीचं: कातळात साठलेलं पावसाचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, ते खाऱ्यावर तरंगून राहतं. उपसा बेताचा असला तर दोन्ही मिसळत नाहीत. आत्यांना सांगा, तेलाचा तवंग पाण्यावर राहतो तसं समजा.